पावसाळी ज्वरातील मूत्रपरीक्षण : वृक्कदोष वेळीच ओळखण्याची गरज

जून महिन्याचा दुसरा आठवडा उलटला की पवई परिसरातील दवाखान्यांचे स्वरूप पालटते. एरवी संधिवात, अम्लपित्त, मधुमेह यांचे रुग्ण बसलेले असतात, त्या बाकावर ज्वराचे रुग्ण दाटीवाटीने दिसू लागतात. यातील बहुसंख्य रुग्ण आपल्याकडे येण्यापूर्वीच रक्त तपासून आलेले असतात. कागद पुढे सरकवून ते एकच प्रश्न विचारतात, "डॉक्टर, प्लेटलेट किती आहेत?" डेंगीच्या प्रसारामुळे हा शब्द आता घरोघरी पोहोचला आहे. रिक्षाचालकापासून गृहिणीपर्यंत सर्वांना प्लेटलेटचा आकडा कळतो. परंतु गेल्या वीस वर्षांच्या व्यवसायात एकाही ज्वररुग्णाने आपण होऊन "माझे क्रिएटिनिन किती?" असे विचारल्याचे आम्हाला स्मरत नाही. रुग्णाने विचारले नाही हे समजण्यासारखे आहे. पण आपण वैद्यही ते विचारत नाही, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

पावसाळ्यात आढळणारे लेप्टोस्पायरोसिस, मलेरिया, डेंगी हे तिन्ही ज्वर वृक्कांना, म्हणजे मूत्रपिंडांना, इजा करू शकतात. ही इजा प्रारंभी मूक असते. वेदना नसते, शोथ नसतो, पुष्कळदा मूत्राचे प्रमाणही कमी झालेले नसते. अशा वेळी ती ओळखली तर बहुतेक रुग्ण पूर्ण बरे होतात, उशीर झाला तर डायलिसिसची पाळी येते आणि कधी प्राणही जातो. ती ओळखण्यासाठी लागणारी साधने मात्र प्रत्येक लहान दवाखान्यात असू शकतात. ती कोणती, हे सांगण्यापूर्वी आमची एक चूक वाचकांपुढे ठेवणे आम्हास आवश्यक वाटते.

आमच्या हातून झालेली चूक

काही वर्षांपूर्वीची, जुलै महिन्याच्या अखेरीची गोष्ट. एका मोठ्या गृहसंकुलात माळीकाम करणारे, पस्तिशीचे एक गृहस्थ आमच्याकडे आले. डोंगरउतारावरील चाळीत त्यांचे वास्तव्य होते. चार दिवस ज्वर, सर्वांगात ठणका, विशेषतः पोटऱ्या एवढ्या दुखत की जिना उतरणे अवघड. डोळे लालसर होते, आणि त्या लालीखाली पिवळेपणा स्पष्ट दिसत होता. रक्ताच्या कागदावर प्लेटलेट ऐंशी हजार आणि बिलिरुबिन वाढलेले होते. डेंगीची तपासणी नकारात्मक होती. भूक नव्हती, मळमळ होती. लघवी होते का, असे आम्ही विचारले. "होते की," असे उत्तर मिळाले आणि आम्ही पुढे गेलो.

आम्ही कामला असे निदान केले. आरोग्यवर्धिनी दिली, आणि पित्ताच्या शोधनासाठी मृदुविरेचन दिले. पथ्य म्हणून रोज दोन शहाळी सांगितली. अंगदुखीसाठी घरच्यांनी औषधाच्या दुकानातून वेदनाशामक गोळ्या आणलेल्या होत्या आणि तीन दिवस त्या चालू होत्या, हे आम्ही विचारले नाही व त्यांनी सांगितले नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या पत्नी धावत आल्या. म्हणाल्या, "डॉक्टर, काल दुपारपासून ह्यांना लघवीच झालेली नाही. जुलाब मात्र झाले." आम्ही तत्काळ त्यांना महापालिकेच्या रुग्णालयात पाठविले. तेथे क्रिएटिनिन सातच्या वर निघाले, पोटॅशियमही वाढलेले होते. निदान झाले लेप्टोस्पायरोसिसचे. प्रतिजैविके सुरू झाली, चार वेळा डायलिसिस करावे लागले. दैव बलवत्तर म्हणून ते वाचले, आणि दोन महिन्यांनी कामावरही रुजू झाले. आजही ते भेटतात, नमस्कार करतात, आणि आमची मान खाली जाते. कारण ज्या दिवशी ते प्रथम आले त्याच दिवशी एक साधी रक्ततपासणी केली असती, तर पुढचे सारे वेगळे घडले असते. विरेचनाने शरीरातील द्रव कमी झाला, वेदनाशामकांनी वृक्काचा रक्तपुरवठा घटला, आणि मूत्र थांबल्यावर शहाळ्यातील पोटॅशियम रक्तात साठत गेले. रोग जंतूने केला, पण त्याच्या वाटेवरील अडथळे आम्ही दूर केले, असेच म्हणावे लागेल.

पवईचे पाणी आणि लेप्टोस्पायरोसिस

हा रोग आपल्या भागास नवा नाही. १८६० साली पूर्ण झालेला विहार तलाव आणि १८९१ सालचा पवई तलाव यांच्या सांडव्याचे पाणी एकत्र होऊन मिठी नदी वाहू लागते, आणि साकीनाका, कुर्ला, वांद्रे असा प्रवास करीत माहीमच्या खाडीस मिळते. वाटेत झोपडवस्ती, कारखाने, तबेले, कचऱ्याचे ढीग सारे काही आहे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ वेधशाळेने चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदविला आणि या नदीने आपला मार्ग सर्वांस दाखवून दिला. आम्ही त्या वेळी नुकतेच बी.ए.एम.एस. होऊन एका ज्येष्ठ वैद्यांकडे उमेदवारी करीत होतो. पाणी ओसरल्यावर आठ-दहा दिवसांनी ज्वररुग्णांची जी रीघ लागली, ती आम्ही तोवर पाहिली नव्हती. त्या ऑगस्टमध्ये लेप्टोच्या रुग्णांची संख्या मुंबईत आधीच्या वर्षांच्या कित्येक पटींनी वाढली, हे पुढे प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांतून सर्वांस ज्ञात झाले.

आठ-दहा दिवसांचे हे अंतर आकस्मिक नव्हे. लेप्टोस्पायरा हा मळसूत्रासारखा जंतू उंदीर, घुशी, कुत्री, गुरे यांच्या वृक्कात राहतो आणि त्यांच्या मूत्रावाटे पाण्यात व चिखलात उतरतो. ओलसर मातीत तो आठवडेच्या आठवडे जिवंत राहू शकतो. पायावरील लहानशी जखम, भिजून मऊ झालेली त्वचा, डोळ्यांची वा तोंडाची श्लेष्मल त्वचा यांतून तो मनुष्याच्या शरीरात शिरतो, आणि सामान्यतः ५ ते १४ दिवसांनी ज्वर उत्पन्न करतो. म्हणून "आज पाण्यातून चाललात काय?" हा प्रश्न अपुरा आहे. "गेल्या महिन्याभरात साचलेल्या पाण्यात, गटारात, बागेच्या चिखलात, तबेल्यात पाय पडला होता काय?" असे विचारले पाहिजे. सफाई कामगार, माळी, बांधकाम मजूर, गोठ्यात काम करणारे, भाजीवाले आणि पाणी साचणाऱ्या वस्तीतील मुले यांना विशेष धोका असतो. आमच्या रुग्णाचे तर कामच चिखलातले होते. आम्ही त्यांचा व्यवसाय केसपेपरवर लिहिला, पण त्याचा अर्थ लावला नाही.

वृक्काला इजा कशी होते?

लेप्टोस्पायरोसिसमध्ये जंतू वृक्कातील सूक्ष्म नलिकांपर्यंत पोहोचतो आणि नलिका व त्यांच्या सभोवतालचा भाग यांत शोथ उत्पन्न करतो. नलिकांना क्षार व पाणी परत शोषून घेता येत नाही. त्यामुळे प्रारंभी मूत्र भरपूर होते, आणि रक्तातील पोटॅशियम प्राकृत किंवा कमीही असते. क्रिएटिनिन मात्र चढत असते. "लघवी होते की" या उत्तराने आमची फसगत झाली ती येथेच. उलटी, अपुरे पाणी, रक्तदाब घटणे यांची भर पडली की मूत्र कमी होते, पोटॅशियम वाढते आणि चित्र गंभीर बनते. १८८६ साली जर्मन वैद्य अॅडॉल्फ वाइल यांनी ज्वर, कावीळ आणि वृक्कदोष एकत्र असलेल्या रुग्णांचे वर्णन केले. या रोगाच्या गंभीर रूपास आजही त्यांचेच नाव आहे. अशा रुग्णांत फुप्फुसात रक्तस्राव होण्याचाही धोका असतो.

मलेरियात, विशेषतः फॅल्सिपेरम जातीच्या मलेरियात, जंतूयुक्त रक्तकण सूक्ष्म रक्तवाहिन्यांना चिकटतात, रक्तकण फुटून त्यांतील हिमोग्लोबिन वृक्कात उतरते, आणि मूत्र काळसर चहासारखे होते. व्हायवॅक्स मलेरिया सौम्य असतो अशी समजूत आहे, पण त्यातही वृक्कदोष होतो. व्हायवॅक्सच्या उपचारातील प्रायमाक्विन हे औषध जी-सिक्स-पी-डी या घटकाची न्यूनता असलेल्या रुग्णात रक्तकण फोडू शकते. हे औषध चालू असताना मूत्र गडद झाल्यास ते थांबवून रुग्णास त्वरित पाठविले पाहिजे.

डेंगीत रक्तवाहिन्यांतून द्रव बाहेर झिरपतो. ज्वर उतरतो त्या सुमारास, म्हणजे तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान, हा धोका सर्वाधिक असतो. मूत्र कमी होणे हे तेथे रक्ताभिसरण ढासळत असल्याचे लवकर दिसणारे चिन्ह आहे. प्लेटलेटच्या आकड्याकडे डोळे लावून बसलेले नातलग या चिन्हाकडे दुर्लक्ष करतात.

याखेरीज अतिसार व वमनाने होणारा द्रवक्षय आणि स्क्रब टायफस हेही लक्षात ठेवावेत. स्क्रब टायफसचे रुग्ण २०१८ साली विदर्भात मोठ्या संख्येने आढळले होते. काख, जांघ, कंबर अशा झाकलेल्या जागी काळी खपली दिसल्यास त्याची शंका घ्यावी.

ग्रंथकारांची दृष्टी

संहिताग्रंथांत वृक्कांचा उल्लेख मेदोवह स्रोतसाचे मूळ म्हणून येतो. मूत्रवह स्रोतसाचे मूळ चरकाचार्यांनी बस्ती व वंक्षण असे सांगितले आहे. म्हणजे आजच्या शरीरक्रियाविज्ञानातील मूत्रपिंड आणि ग्रंथोक्त वृक्क यांची सांगड शब्दाला शब्द जोडून बसविता येत नाही. परंतु लक्षणांच्या पातळीवर आचार्यांचे निरीक्षण किती सूक्ष्म होते ते पाहावे. मूत्रवह स्रोतसाच्या दुष्टीचे वर्णन करताना चरकाचार्य मूत्राच्या अवरोधाबरोबरच मूत्राची अतिप्रवृत्तीही दुष्टीतच गणतात. मूत्र भरपूर आहे म्हणून स्रोतस निर्दोष आहे, असे त्यांनी म्हटलेले नाही. लेप्टोस्पायरोसिसच्या प्रथमावस्थेत नेमके हेच घडते. आम्ही पाठ केलेला श्लोक त्या दिवशी आमच्या उपयोगी पडला नाही, तो आमचा दोष.

मूत्रक्षयाच्या लक्षणांत तृष्णा, मुखशोष आणि मूत्राचा बदललेला वर्ण चरकाचार्यांनी सांगितला आहे, तर सुश्रुताचार्यांनी बस्तीतील टोचणी व अल्पमूत्रता. रोगज्ञानाच्या साधनांत पाच इंद्रियांच्या बरोबरीने प्रश्नाला सुश्रुताचार्यांनी स्थान दिले आहे. योगरत्नाकरातील अष्टविध परीक्षेत नाडीनंतर लगेच मूत्राचा क्रम लागतो. आपण नाडीवर तीन बोटे ठेवतो, जिव्हा पाहतो. मूत्र मात्र पाहत नाही. ही परीक्षा आपल्या शास्त्राने आपल्या हाती दिलेली असून आपणच ती सोडून दिली आहे. आधुनिक तपासण्या स्वीकारणे म्हणजे शास्त्र सोडणे नव्हे. सोडलेला परीक्षाविधी नव्या साधनांनी परत हाती घेणे होय.

दवाखान्यात काय करावे?

त्या प्रसंगानंतर आम्ही ज्वररुग्णांसाठी एक पद्धत ठरविली आहे. ती पुढीलप्रमाणे.

प्रथम प्रश्न. "लघवी होते का?" असे न विचारता "काल सकाळपासून आज सकाळपर्यंत किती वेळा झाली, किती झाली, रंग कसा होता?" असे विचारावे. चाळीत व झोपडवस्तीत सार्वजनिक शौचालय वापरणाऱ्या रुग्णास स्वतःलाच प्रमाण सांगता येत नाही, आणि घरच्यांना तर त्याची कल्पनाच नसते. यासाठी आम्ही एक लिटरची पाण्याची रिकामी बाटली वरून कापून, १०० मि.ली.च्या खुणा करून देतो. ज्वर असेपर्यंत घरीच त्यात मूत्र मोजावे आणि कागदावर लिहून ठेवावे, असे सांगतो. ताशी दर किलो वजनास अर्धा मिलिलिटर हे किमान प्रमाण मानावे. ६० किलो वजनाच्या रुग्णास सहा तासांत १८० मि.ली. व्हावयास हवे. चोवीस तासांत ४०० मि.ली.पेक्षा कमी मूत्र ही धोक्याची घंटा आहे.

दुसरे, मूत्राची पट्टी. औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या तपासणीपट्टीने एका मिनिटात प्रथिने, रक्त, पित्तरंजक द्रव्ये कळतात. पट्टीवर रक्त दिसते पण सूक्ष्मदर्शकाखाली रक्तकण दिसत नाहीत, असे झाल्यास मूत्रात फुटलेल्या रक्तकणांचे हिमोग्लोबिन किंवा स्नायूंतील मायोग्लोबिन उतरत आहे असे समजावे. दोन्ही वृक्कास घातक आहेत. ज्वरात थोडी प्रथिने आढळणे सामान्य असले तरी ज्वर गेल्यावर ती पुन्हा तपासावीत.

तिसरे, सीरम क्रिएटिनिन. आमच्या मते पावसाळ्यात तीन दिवसांहून अधिक टिकलेल्या, किंवा पहिल्या दिवसापासूनच पोटरीदुखी, लाल डोळे, कावीळ, उलटी यांपैकी काही असलेल्या प्रत्येक ज्वरात रक्तकणगणनेबरोबरच क्रिएटिनिन करावे. हा आकडा वाचताना तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. एक, तो उशिराने चढतो. वृक्काला इजा झाल्यानंतर तो वाढलेला दिसण्यास एक-दोन दिवस लागू शकतात. म्हणून आजचा प्राकृत आकडा उद्याची हमी देत नाही. शंका असल्यास २४ ते ४८ तासांनी तपासणी पुन्हा करावी. दोन, तो स्नायूंवर अवलंबून असतो. किरकोळ बांध्याच्या मजुराचा किंवा वृद्ध स्त्रीचा प्राकृत आकडा ०.७ असू शकतो. त्यांच्यात १.२ हा आकडा कागदावर मर्यादेत छापलेला असला तरी तो मूळच्या दीडपटीहून अधिक आहे. तीन, वाढ महत्त्वाची आहे. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार ४८ तासांत ०.३ मि.ग्रॅ. किंवा सात दिवसांत मूळच्या दीडपट वाढ, अथवा सहा तास मूत्राचे प्रमाण वर सांगितलेल्या किमानाहून कमी, यांपैकी काहीही एक असल्यास तीव्र वृक्कदोष मानला जातो.

चौथे, हाती असलेला कागद नीट वाचावा. प्लेटलेट कमी म्हणजे डेंगीच, हे समीकरण चुकीचे आहे. लेप्टो आणि मलेरिया यांतही प्लेटलेट घटतात. डेंगीत श्वेतपेशी बहुधा कमी होतात, लेप्टोत त्या पुष्कळदा वाढतात. काविळीबाबतही असेच आहे. विषाणुजन्य काविळीत यकृताची विकरे हजारांत जातात, आणि कावीळ दिसू लागल्यावर ज्वर सामान्यतः उतरतो. लेप्टोत बिलिरुबिन पुष्कळ वाढलेले असूनही विकरे थोडीच वाढलेली असतात, ज्वर कायम राहतो, पोटऱ्या दुखतात आणि क्रिएटिनिन चढते. म्हणून आम्ही स्वतःस एक नियम घालून घेतला आहे. ज्वरासह कामला दिसली तर क्रिएटिनिन पाहिल्यावाचून एकही मात्रा द्यावयाची नाही.

लेप्टोच्या रक्ततपासणीविषयी एक सूचना. आयजीएम ही प्रतिपिंडांची तपासणी पहिल्या पाच-सहा दिवसांत नकारात्मक येऊ शकते. त्या कागदाची वाट पाहण्यात उपचाराचे दिवस गमावू नयेत.

औषधयोजना : काय टाळावे?

हा भाग औषधालयचालकांनीही आवर्जून वाचावा, अशी विनंती आहे.

पावसाळी ज्वरात डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन, निमेसुलाइड, मेफेनॅमिक आम्ल यांसारखी वेदनाशामके देऊ नयेत. शरीरातील द्रव कमी असताना वृक्काचा रक्तपुरवठा ज्या द्रव्यांच्या आधाराने टिकून असतो, त्यांचीच निर्मिती ही औषधे रोखतात. डेंगीत रक्तस्रावाचा धोका वेगळाच. ज्वरासाठी योग्य मात्रेत पॅरासिटॅमॉल पुरेसे आहे. दुकानात "अंगदुखीची गोळी द्या" असे म्हणत ग्राहक आला तर "ताप आहे काय?" एवढा एक प्रश्न विचारला तरी एखाद्याचे वृक्क वाचेल. जेंटामायसिन, अमिकासिन ही इंजेक्शनेही वृक्कास बाधक असल्याने अशा रुग्णात टाळावीत.

आता आपल्या औषधांविषयी. त्रिभुवनकीर्ती हे ज्वरातील आपले नेहमीचे औषध. त्यात हिंगूळ व वत्सनाभ आहेत. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याच्या नियमांतील 'ई-१' परिशिष्टात हिंगूळ, हरताळ, मनःशिला, वत्सनाभ, कुचला, भल्लातक अशा द्रव्यांचा समावेश आहे, आणि ती असलेल्या औषधांवर वैद्यकीय देखरेखीखाली घेण्याची सूचना छापणे बंधनकारक आहे. वेष्टनावरील ही सूचना आपण किती गांभीर्याने घेतो? वृक्कदोषाची शंका असताना पारदयुक्त व अन्य खनिज कल्प तात्काळ थांबवावेत. ज्या मार्गाने शरीर ही द्रव्ये बाहेर टाकते, तोच मार्ग रुद्ध झालेला असतो.

मूत्र कमी झाले की श्वेतपर्पटी, यवक्षार किंवा पुनर्नवा देण्याकडे आपला कल असतो. श्वेतपर्पटीतील मुख्य घटक सोरा, म्हणजे पोटॅशियम नायट्रेट. यवक्षारातही पोटॅशियमच प्रधान. पुनर्नवेतही ते पुष्कळ असते. अश्मरी, मूत्रकृच्छ्र यांत या औषधांचा गुण आम्हीही घेतला आहे. पण वृक्कच मूत्र बनवीत नसताना पोटॅशियम बाहेर पडत नाही, आणि त्याची रक्तातील वाढ हृदयाची गती थांबवू शकते. शहाळ्याचे पाणी, नारिंगी, केळी यांनाही हाच न्याय लागू आहे. मूत्र मोकळे असलेल्या ज्वररुग्णास शहाळे अमृतासमान, मूत्र थांबलेल्या रुग्णास तेच घातक. म्हणून मूत्राचे प्रमाण आणि पोटॅशियमचा आकडा कळल्याखेरीज यांपैकी काहीही देऊ नये.

कामलेत विरेचन हा सिद्धान्त योग्यच आहे. पण सिद्धान्त व्याधीला लागू होतो, रंगाला नव्हे. तीव्र ज्वर, द्रवक्षय, अल्पमूत्रता असता शोधन वर्ज्य, हेही आपल्याच शास्त्राने शिकविले आहे.

औषधालयचालकांनी आणखी एक काळजी घ्यावी. १९९३ साली बेल्जियममध्ये वजन घटविण्यासाठी वनस्पतिजन्य औषध घेतलेल्या स्त्रियांचे वृक्क निकामी झाल्याचे प्रसिद्ध झाले. अॅरिस्टोलोकिया कुळातील वनस्पतीची त्यात सरमिसळ झाली होती. आपल्याकडील ईश्वरी अथवा सापसन ही त्याच कुळातील. कच्चा माल खरेदी करताना वनस्पतीची ओळख पटविणे आणि असे द्रव्य अंतर्गत उपयोगातून दूर ठेवणे ही आपली जबाबदारी आहे.

रुग्ण केव्हा पाठवावा?

पुढीलपैकी एक जरी लक्षण असले तरी रुग्णास विलंब न लावता रुग्णालयात पाठवावे :

१) सहा तासांत मूत्र नाही, अथवा वर सांगितलेल्या प्रमाणापेक्षा कमी
२) क्रिएटिनिन १.५ किंवा अधिक, अथवा दोन दिवसांत ०.३ ने वाढलेले
३) ज्वरासह कावीळ
४) काळसर वा लालसर मूत्र
५) श्वास लागणे, खोकल्यातून रक्त
६) सतत उलटी, उचकी, ग्लानी, असंबद्ध बोलणे
७) रक्तदाब घटणे, हातपाय थंड पडणे

पाठविताना केवळ "पुढील उपचारासाठी" असे लिहू नये. ज्वराचा कितवा दिवस, पाण्याशी आलेला संबंध, मागील चोवीस तासांतील मूत्र, क्रिएटिनिनचे तारखेसह आकडे आणि आपण दिलेली व रुग्णाने परस्पर घेतलेली सर्व औषधे चिठ्ठीत नमूद करावीत. आपली रसौषधी लिहिण्यास संकोच करू नये. त्या माहितीवर रुग्णाचा जीव अवलंबून असू शकतो. पवई, विक्रोळी, भांडुप हा भाग महापालिकेच्या 'एस' विभागात येतो. मलेरिया, डेंगी, लेप्टोच्या रुग्णाची माहिती विभागाच्या आरोग्य खात्यास कळविली तर वस्तीतील अन्य रुग्णही लवकर सापडतात.

रोगानंतर आणि रोगापूर्वी

वृक्क सावरले की रुग्ण परत येत नाही. त्यास बोलवावे. दोन आठवड्यांनी आणि पुन्हा तीन महिन्यांनी क्रिएटिनिन, मूत्रातील प्रथिने व रक्तदाब पाहावा. काहींत थोडी इजा कायम राहते आणि पुढे जीर्ण वृक्कविकारास ती कारण होते. बलवर्धन, अग्निदीपन, पथ्यकर आहार यांत आपल्या शास्त्राचे खरे सामर्थ्य येथे उपयोगी पडते, मात्र तपासण्या साक्षीला ठेवून.

प्रतिबंधासाठी, साचलेल्या पाण्यातून गेलेल्यांनी ७२ तासांच्या आत वैद्यकीय सल्ल्याने डॉक्सिसायक्लिन घ्यावे, असे आवाहन महापालिका पावसाळ्यात करते. गर्भवती व आठ वर्षांखालील मुलांसाठी औषध वेगळे असते. अशा व्यक्तींना महापालिकेच्या दवाखान्याचा रस्ता दाखविणे हे आपले काम. पायाच्या जखमा झाकणे, गमबूट वापरणे, पाय साबणाने धुणे, उघड्यावर अन्न टाकून उंदरांना निमंत्रण न देणे, या गोष्टी सांगण्यास दोन मिनिटे पुरतात.

आंतरराष्ट्रीय वृक्करोग संघटनेने २०२५ सालापर्यंत तीव्र वृक्कदोषाने टाळता येण्याजोगा एकही मृत्यू होऊ नये, असे उद्दिष्ट ठेवले होते. ते साल येऊन गेले. असे मृत्यू थांबवायचे असतील तर सुरुवात मोठ्या रुग्णालयांच्या यंत्रांपासून होणार नाही. रुग्ण प्रथम ज्याच्या दारी जातो, त्या वस्तीतील वैद्याच्या एका प्रश्नापासून आणि कोपऱ्यावरील औषधालयाच्या एका नकारापासून ती व्हावी लागेल.

आमच्या टेबलाच्या काचेखाली तेव्हापासून एक चिठ्ठी आहे. तिच्यावर चारच शब्द आहेत : पाणी, पोटरी, मूत्र, क्रिएटिनिन. या पावसाळ्यात आमच्या वैद्यबंधू-भगिनींनी अशी चिठ्ठी आपल्याही टेबलावर ठेवावी, इतकीच विनंती.